विश्लेषण : गोव्यातील जुनी चर्च आणि मराठीत पुराण लिहिणारा इंग्रज पाद्री... कोण होते फादर स्टीफन्स?

दिवाळी किंवा नाताळच्या सुट्टीत वाशीम, कारंजा, रिसोडकडची मंडळी गोव्याला निघाली की जुन्या गोव्यातील दोन चर्च कार्यक्रमात ठरलेली असतात. बॉम जेझूस बॅसिलिकात सेंट फ्रान्सिस झेवियर यांची शवपेटी पाहायची, रस्ता ओलांडून से कॅथेड्रलसमोर फोटो काढायचे आणि मग समुद्रकिनारा गाठायचा. या सगळ्यात एक नाव सहसा राहून जाते, आणि मराठी माणसासाठी खरे तर तेच नाव सर्वात जवळचे आहे. फादर थॉमस स्टीफन्स. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या अनेकांनी शाळेत वाचलेल्या असतात. त्या लिहिणारा माणूस जन्माने इंग्रज होता, जवळजवळ 40 वर्षे गोव्यात राहिला आणि तिथेच वारला, हे मात्र परीक्षा झाली की विसरले जाते.

वऱ्हाडावर पोर्तुगीजांचे राज्य कधीच नव्हते. त्यामुळे त्या काळातील चर्च आपल्या जिल्ह्यात सापडणार नाही. तरीही या माणसाच्या गोष्टीचा एक धागा आपल्या भागाजवळून जातो. तो पुढे येईलच.

इंग्लंड का सोडावे लागले?

स्टीफन्स यांचा जन्म 1549 च्या सुमारास इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातील बुश्टन या खेड्यात झाला. वडील व्यापारी. शिक्षण विंचेस्टरच्या नामांकित शाळेत. ते वाढत होते तो काळ कॅथलिकांसाठी वाईट होता. राणी पहिली एलिझाबेथ गादीवर होती, देशाचा अधिकृत धर्म प्रोटेस्टंट झाला होता आणि कॅथलिक राहणे म्हणजे संशयाच्या छायेत जगणे होते. तरुण स्टीफन्स यांची थॉमस पाउंड नावाच्या श्रीमंत कॅथलिक गृहस्थाशी मैत्री जमली. दोघांनी मिळून रोमला जायचे आणि जेझुइट संघात, म्हणजे येशूसंघात, दाखल व्हायचे असे ठरवले.

निघण्याआधीच पाउंड पकडले गेले. त्यांच्या आयुष्यातील जवळजवळ 30 वर्षे तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि 1575 मध्ये येशूसंघात दाखल झाले. मागे राहिलेल्या मित्राला ते विसरले नाहीत. तुरुंगातील पाउंड यांनाही संघात घ्यावे म्हणून त्यांनी रोममध्ये अर्ज केला आणि तो मान्यही झाला. एका मित्राची दीक्षा रोममध्ये झाली, दुसऱ्याची कोठडीत असताना.

पुढे स्टीफन्स यांनी भारतातील मिशनसाठी नाव दिले. 4 एप्रिल 1579 रोजी लिस्बनहून पाच जहाजांचा ताफा निघाला आणि 24 ऑक्टोबरला गोव्याला लागला. सहा महिन्यांहून अधिक काळाचा प्रवास. वाटेत वारा पडला की जहाज अडकून राहायचे, पाणी खराब व्हायचे, हिरड्या सुजून माणसे आजारी पडायची. पोहोचल्यावर तीन आठवड्यांच्या आत त्यांनी वडिलांना या प्रवासाचे सविस्तर वर्णन करणारे पत्र पाठवले. रिचर्ड हॅकलूट यांनी ते 1589 मध्ये आपल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापले. भारताच्या सागरी वाटेबद्दल इंग्रज वाचकांच्या हाती पडलेल्या सुरुवातीच्या मजकुरांपैकी हा एक. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन व्हायला तेव्हा आणखी 11 वर्षे होती. भारतात येऊन स्थायिक झालेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून स्टीफन्स यांचेच नाव घेतले जाते.

ते आले तेव्हा जुने गोवे कसे होते?

आज पर्यटक जे पाहतात त्यातील बरेचसे तेव्हा उभेच नव्हते. बॉम जेझूसचे बांधकाम 1594 मध्ये सुरू झाले आणि 1605 मध्ये ते चर्च पूजेसाठी खुले झाले. से कॅथेड्रलचे काम 1562 पासून चालू होते. त्याची मुख्य इमारत 1619 मध्ये पुरी झाली, आणि स्टीफन्स वारले तेही त्याच वर्षी. म्हणजे त्यांच्या गोव्यातील सगळ्या मुक्कामात ही इमारत बांधकामाखालीच होती.

झेवियर यांचे शव तेव्हा सेंट पॉल कॉलेजात होते. बॉम जेझूसमध्ये ते स्टीफन्स यांच्या मृत्यूनंतर हलवले गेले. हे कॉलेज म्हणजे त्या काळच्या पूर्वेकडील जेझुइटांचे मुख्य केंद्र. भारतातील पहिला छापखाना 1556 मध्ये इथेच आला. आज त्या कॉलेजची फक्त दर्शनी कमान रस्त्याकडेला उभी आहे. बहुतेक टॅक्सी तिथे न थांबता पुढे जातात. छपाईत किंवा भाषेत थोडाही रस असेल तर चालकाला सांगून तिथे पाच मिनिटे थांबावे.

सासष्टीत काय घडत होते?

स्टीफन्स यांचे बहुतेक आयुष्य गेले ते दक्षिण गोव्यातील सासष्टी तालुक्यात. मडगाव, राय, राशोल, नावेली, बाणावली, कुंकळ्ळी हा सगळा भाग. (मुंबई–ठाण्याकडची साष्टी ती वेगळी.) ते येण्याच्या बारा वर्षे आधी, 1567 मध्ये, राशोल किल्ल्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या हुकमाने या तालुक्यातील देवळे पाडण्यात आली होती. त्यांची संख्या 280 च्या आसपास सांगितली जाते. मडगावचे दामोदर दैवत झांबावलीला गेले. त्याच सुमारास कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आणि केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. आज फोंडा तालुक्यात इतकी मोठी देवस्थाने एकवटलेली दिसतात त्याचे कारण हेच आहे. तेव्हा फोंडा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता.

मडगावच्या होली स्पिरिट चर्चच्या भव्य चौकात उभे राहिल्यावर हा इतिहास डोळ्यांआड करता येत नाही. पहिले चर्च 1560 च्या दशकात दामोदराच्या देवळाच्या जागी उभे राहिले. आजची इमारत 1675 ची. वास्तू देखणी आहे, आणि ती कशाच्या जागी आहे हेही खरे आहे. माहितीफलक यांतील एकच बाजू सांगतो तेव्हा दुसरी आपण विचारावी, एवढे वाचकाने केले तरी पुरे.

याचा स्फोट 1583 च्या जुलैमध्ये कुंकळ्ळीत झाला. चर्चसाठी जागा पाहायला आलेल्या पाच जेझुइटांना आणि त्यांच्या सोबतच्या काही ख्रिस्ती लोकांना गावकऱ्यांनी ठार केले. पाचांत रुडॉल्फ अक्वाव्हिवा होते. अकबराच्या दरबारात काही वर्षे राहून ते नुकतेच गोव्याला परतले होते. मृतदेह ताब्यात घेऊन त्यांचे दफन करण्याचे काम ज्यांच्याकडे आले त्यांत स्टीफन्स होते. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी म्हणून आसोळणेच्या किल्ल्यात बोलावले आणि खटला न चालवता मारून टाकले. एक जण खाडीत उडी मारून वाचला, असे स्थानिक परंपरा सांगते.

या पाच जेझुइटांना 1893 मध्ये पोपनी धन्यपद दिले आणि त्यांचे अवशेष से कॅथेड्रलमध्ये आहेत. मारल्या गेलेल्या गावप्रमुखांचे स्मारक व्हायला मात्र खूप काळ जावा लागला. आता कुंकळ्ळीत हुतात्म्यांचे चॅपलही आहे आणि गावप्रमुखांचे स्मारकही. एका भेटीत दोन्ही पाहून होतात.

स्टीफन्स या सगळ्यात कुठे बसतात? ते धर्मप्रसारकच होते आणि पोर्तुगीज सत्तेच्या आश्रयानेच काम करत होते. त्यांना केवळ भाषाप्रेमी विद्वान म्हणून वेगळे काढणे सोपे आहे, पण ते पूर्ण खरे नाही. त्याच वेळी, ज्या लोकांमध्ये ते राहिले त्यांची भाषा त्यांनी जितकी मनावर घेतली तितकी त्यांच्या बरोबरीच्या फार थोड्यांनी घेतली.

वऱ्हाडाचा धागा कोणता?

1583 च्या अखेरीस चार इंग्रज कैदी होर्मुझहून गोव्याला आणले गेले. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, विल्यम लीड्स आणि जेम्स स्टोरी. पोर्तुगीजांना ते हेर वाटत होते. परमुलखात आपल्या देशाची माणसे तुरुंगात आहेत हे कळताच स्टीफन्स धावले. चौघे प्रोटेस्टंट देशातून आलेले आणि स्टीफन्स त्याच देशातील छळामुळे बाहेर पडलेले, तरी त्यांनी शब्द टाकला. जामिनावर सुटका झाली. पुढे 1584 मध्ये त्यांपैकी तिघे गोव्याहून निसटले. स्टोरी तिथेच राहिले.

फिच आदिलशाहीतून गोवळकोंड्याला गेले आणि तिथून उत्तरेला वळले. त्यांच्या वृत्तांतात पुढे जे गाव येते ते अभ्यासक बिदर मानतात. त्यानंतर येते बाळापूर, म्हणजे आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातील बाळापूर, आणि मग बऱ्हाणपूर. मोबाइलच्या नकाशावर बिदर ते बाळापूर सरळ रेष ओढून पाहा. ती रिसोड आणि वाशीम यांच्या मधून जाते. रस्ते सरळ रेषेत जात नाहीत हे मान्य. पण गोव्याच्या तुरुंगातून एका मराठी कवीच्या मदतीने सुटलेला इंग्रज व्यापारी त्या काळात वऱ्हाडातून गेला, एवढे तर नक्की.

पुराणच का लिहिले?

गोव्यात आल्यावर चार वर्षांनी, 24 ऑक्टोबर 1583 रोजी, स्टीफन्स यांनी पॅरिसमध्ये असलेल्या भावाला लॅटिनमध्ये पत्र लिहिले. इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती आहे, हे त्यांनी त्यात नोंदवले. संस्कृत आणि युरोपीय भाषांचे मूळ एक असावे हा मुद्दा विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये मांडला आणि तो जगभर गाजला. त्याच्या 200 वर्षे आधी साम्य ओळखणाऱ्या पहिल्या काही युरोपीयांत स्टीफन्स होते.

ते मराठी आणि कोंकणी दोन्ही शिकले. लोकांच्या घरात बोलली जात होती कोंकणी, आणि देवादिकांच्या कथा ऐकल्या जात होत्या मराठीत. नव्याने ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांची अडचण इथेच होती. जुनी पुराणे वाचण्यास मनाई झाली होती आणि त्या जागी वाचायला, ऐकायला काहीच नव्हते. संध्याकाळी माणसे जमायची ती कशासाठी जमणार? ग्रंथाच्या आरंभीच असा प्रसंग आहे की एक ब्राह्मण श्रोता पाद्रींना हीच उणीव बोलून दाखवतो. त्याला दिलेले उत्तर म्हणजे हे पुराण.

1614 च्या सुमारास ग्रंथ पुरा झाला आणि 1616 मध्ये राशोल इथे छापला गेला. दोन भाग. पैले पुराण आणि दुसरे पुराण. पहिल्यात 36 अध्याय, दुसऱ्यात 59. अध्यायाला ते अवस्वरू म्हणतात. ओव्या एकूण 10,962. तुलनेसाठी सांगायचे तर ज्ञानेश्वरीच्या ओव्या 9,000 च्या आसपास आहेत. पहिल्या भागात जगाच्या उत्पत्तीपासून येशूच्या जन्मापूर्वीपर्यंतची कथा आहे, दुसऱ्यात येशूचे चरित्र.

कारंज्याच्या वाचकाला हा साचा परका वाटणार नाही. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून कारंज्याची ओळख आहे आणि त्यांचे चरित्र सांगणारा गुरुचरित्र ग्रंथ ओवीतच आहे. तो लिहिणारे सरस्वती गंगाधर यांचीही मातृभाषा कन्नड होती, असे मानले जाते. स्टीफन्स यांनी नेमका हाच रुळलेला साचा उचलला. आधी नमन, मग श्रोत्याने विचारलेला प्रश्न, मग सांगणाऱ्याचे उत्तर, आणि पाठ होईल अशी चाल. स्वर्गासाठी त्यांनी वैकुंठ हा शब्द वापरला. ऐकणाऱ्याला अर्थ विचारावा लागू नये, हाच हेतू. ते गोव्यात मराठी शिकत होते तेव्हा पैठणला एकनाथ ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार करत होते, 1584 मध्ये ती पूर्ण झाली. हे दोघे एकाच काळातले, हे सहसा आपल्या लक्षात येत नाही.

भाषा मराठी की कोंकणी, यावर गोव्यात आजही वाद रंगतो. पुराणाची भाषा ग्रांथिक मराठी आहे आणि तिच्यात कोंकणी शब्द मिसळले आहेत. सामान्य माणसाला समजावे म्हणून आपण ती सोपी केल्याचे स्टीफन्स यांनी प्रस्तावनेत सांगितले आहे. कोंकणीसाठी त्यांनी वेगळे काम केले. ख्रिस्ती धर्मशिक्षणाचे त्यांचे पुस्तक 1622 मध्ये आणि कोंकणीचे व्याकरण 1640 मध्ये राशोललाच छापून निघाले. दोन्ही त्यांच्या मृत्यूनंतर. हे व्याकरण भारतीय भाषेचे पहिले छापील व्याकरण मानले जाते. म्हणजे एकाच माणसावर दोन भाषांचा हक्क आहे. भांडायचे काही कारण दिसत नाही.

600 साचे आणि 24 साचे

मराठी पुराण असूनही ते छापले गेले रोमन लिपीत. याचे कारण निव्वळ तांत्रिक होते. छपाईसाठी प्रत्येक अक्षराचा धातूचा खिळा लागतो. युरोपीय लिपीचे काम सुमारे 24 साच्यांत भागायचे. आपल्या लिपीत काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरे धरली तर साचे 600 च्या घरात जात. 1608 मध्ये स्टीफन्स यांनी रोममधील आपल्या प्रमुखांना पत्र लिहून याच लोकांच्या लिपीत पुस्तके छापण्याची परवानगी मागितली, 600 साच्यांची अडचणही मांडली आणि ही संख्या बरीच कमी करता येईल असेही सांगितले. ते काम झाले नाही.

आज आपण ही ओळ फोनवर वाचतो तेव्हा युनिकोडमध्ये देवनागरीसाठी राखलेल्या 128 जागा पुरतात आणि जोडाक्षरे जुळवण्याचे काम सॉफ्टवेअर करते. स्टीफन्स यांना जे सुटे करून कमी करायचे होते, ते साधारण याच दिशेने होते.

त्या रोमन लिपीची खूण गोव्यात फिरताना अजून दिसते. पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगमध्ये श साठी एक्स हे अक्षर यायचे आणि शेवटच्या अनुनासिक उच्चारासाठी एम्. म्हणून कुंकळ्ळी, नावेली, बाणावली यांच्या इंग्रजी पाट्यांवर शेवटी एम् दिसतो. तो उच्चारायचा नसतो. पर्यटक हमखास कुंकोलिम, नावेलिम म्हणतात आणि रिक्षावाला हसतो.

ग्रंथ टिकला कसा?

1616 नंतर 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. 1684 मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढून स्थानिक भाषेऐवजी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याची सक्ती केली. ज्या सत्तेच्या काळात पुराण छापले गेले तिनेच त्याच्या भाषेवर बंदी आणली.

ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. गोव्याहून दक्षिणेला मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो नकलून ठेवला, उपवासकाळात आणि घरच्या प्रसंगी गायला. तिथल्याच जोसेफ साल्ढाणा यांनी अशा प्रती जमवून 1907 मध्ये तो पुन्हा छापला, तोही रोमन लिपीतच. पुढे लंडनमध्ये विल्यम मार्स्डेन यांच्या संग्रहात पुराणाचे देवनागरी हस्तलिखित सापडले. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट यांनी ते उजेडात आणले. सामान्य मराठी वाचकाला देवनागरीत छापलेला ग्रंथ मिळाला तो 1956 मध्ये, पुण्यात शांताराम बंडेलू यांच्या संपादनातून. छपाईच्या पहिल्या दिवसापासून मोजले तर 340 वर्षांनी.

राशोलला जायचे असेल तर...

स्टीफन्स यांच्या खुणा पाहायच्या तर जुन्या गोव्यापेक्षा राशोल महत्त्वाचे. मडगावपासून हे गाव दहा किलोमीटरच्या आत, जुवारी नदीकाठी आहे. किल्ल्याचा एक दरवाजा उरला आहे. त्यातून वर गेले की टेकडीवर सेमिनरीची पांढरी, मजबूत इमारत दिसते. कोनशिला 1 नोव्हेंबर 1606 ची आणि 1610 मध्ये काम पूर्ण. हे तेव्हाचे जेझुइट कॉलेज. इथे आजही पाद्री होऊ पाहणारे विद्यार्थी शिकतात. त्यामुळे हे पर्यटनस्थळ समजून सरळ आत शिरू नये, परवानगी घ्यावी. शेजारचे सेंट इग्नेशियस चर्च पाहता येते. इथे सुरू झालेले ख्रिस्ती कला संग्रहालय नंतर जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात हलवले गेले.

रविवारी सकाळी सगळ्याच चर्चमध्ये प्रार्थना असतात, त्या वेळी फिरायला जाणे टाळावे. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत. फोटोची मनाई जिथे लिहिलेली असते तिथे ती पाळावी, आणि जिथे लिहिलेली नसते तिथेही कोणी प्रार्थना करत असेल तर फोन खिशात ठेवावा. पावसाळ्यात गेलात तर जांभ्या दगडाच्या भिंती किती पाणी पितात ते दिसेल. बॉम जेझूसचा बाहेरचा गिलावा 1950 च्या दशकात काढून टाकला गेला, तेव्हापासून तो उघडा दगड पावसात झिजतो आहे. जुन्या गोव्यातील चर्च 1986 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

गोवा लांब वाटत असेल तर वसईचा किल्ला आहे. स्टीफन्स यांनी काही काळ तिथेही काम केले होते. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला आणि आतली चर्च हळूहळू ओस पडली. सेंट जोसेफ चर्चचा उंच मनोरा अजून उभा आहे, जेझुइटांच्या चर्चची दर्शनी भिंतही. वसईच्या ख्रिस्ती समाजाची भाषा आजही मराठी आहे. 2020 मध्ये धाराशिव इथे भरलेल्या 93व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, तेही वसईचेच.